लिहा, प्यायलो म्हणून

तेजस घरतने दारू सोडली, तेव्हा त्याची मुलगी ईश्वरी अजून रांगतही नव्हती. कुणी शपथ घातली नव्हती की कुठल्या केंद्रात नेऊन ठेवलं नव्हतं. एका दुपारी तिला कडेवर घेऊन जिना उतरताना त्याचा पाय अडखळला, पोर हातातून सुटता सुटता राहिली, आणि त्यानंतर त्याने ग्लासला हात लावला नाही. करंजाड्यातलं त्याचं टाइल्स आणि नळांचं दुकान मग बरं चालायला लागलं. बायको रंजिता खारघरच्या एका कॉलेजच्या ऑफिसात होती. सगळं मार्गी लागलं होतं. तरी घरच्यांच्या मनात धाकधूक राहिलीच, कारण तेजसचा धाकटा काका दारूनेच गेला होता, आणि जाईपर्यंत रोज सांगत होता की मी सोडली.

लग्नसराईत दोस्ताच्या, नामदेवच्या भावाची हळद होती. ईश्वरीला ताप होता म्हणून रंजिता घरी थांबली आणि तेजस एकटाच गेला. मटणाची पातेली, डीजे, आणि मांडवामागे बाटल्या. आगरी हळदीत जे असतं ते सगळं होतं. दुसऱ्या दिवशी त्याला जुलाब सुरू झाले. कोपऱ्यावरच्या डॉक्टर कमळाकरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, "यांच्यावर दारूचा थेंबही घ्यायचा नाही. जाम ओकाऱ्या होतील."

"ती कधीच सोडली, डॉक्टर," तेजस हसून म्हणाला.

जुलाब थांबले. पण गोळ्या चालू असतानाच एका सकाळी त्याच्या पोटात, बरोबर बेंबीच्या वर, असं काही उठलं की तो दुकानाच्या शटरला टेकून खालीच बसला. कळ आरपार पाठीत जात होती. नामदेवने त्याला गाडीत घालून खारघरच्या हॉस्पिटलात नेलं.

"पॅन्क्रियाजला सूज आहे," तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. "स्वादुपिंड म्हणतो ना, ते. पित्ताचे खडे काही दिसत नाहीत. दारू किती घेता?"

"नाही घेत."

"पूर्वी?"

"पूर्वी घ्यायचो."

"आणि मधे कुठे लग्नबिग्न?"

तेजसने पलंगाची कड धरली. मग म्हणाला, "हळद होती. पण मी घेतली नाही."

डॉक्टरांनी मान हलवली आणि काहीतरी लिहिलं. पलंगाच्या पायथ्याशी तेजसचे वडील, गोटीराम, उभे होते.  बाहेर कॉरिडॉरमध्ये येऊन ते सुनेला म्हणाले, "त्याचे काकाचं पन असंच चालू झालतं. पोट धरून पडायचा नि म्हनायचा, मी घेतली नाय."

रंजिताने स्वतःच्या मनाशी हिशेब जुळवला. हळदीत तो प्यायला असणार. मग गोळ्या चालू असताना पुन्हा प्यायला असणार, डॉक्टरांनी सांगितलेलं असूनही. तिने त्याला एकदाच विचारलं. त्याने ईश्वरीच्या गळ्याची आण घेतली, आणि पोरीला मधे घेतलं म्हणून ती जास्तच चिडली. त्याला घरी आणून सोडल्यावर ती मुलीला घेऊन उरणला, माहेरी निघून गेली.

ईश्वरीच्या शाळेसाठी परत यावं लागलं म्हणून ती आली. पण त्यानंतर घरात एक नवीनच पद्धत पडली. तेजस दुकानातून आला की रंजिता दार उघडून तशीच उभी राहायची. काही बोलायची नाही. तो चपला काढायच्या आधी तिच्यासमोर तोंड उघडून श्वास सोडायचा. मग ती बाजूला व्हायची. तो कधी चिडला नाही. मुळात त्या काळात तो कशावरूनच चिडला नाही. भाजीत मीठ नसलं तरी गप जेवायचा, गोटीराम दुकानात येऊन काउंटरखाली वाकून बघायचे तरी गप बसायचा.

दिवाळीच्या तोंडावर त्याची अक्कलदाढ सुजली. गाल इतका फुगला की तोंड उघडेना. दाताच्या डॉक्टरांनी पू काढला आणि दोन प्रकारच्या गोळ्या दिल्या. कॉलेजला सुट्टी होती, त्यामुळे रंजिता दिवसभर घरात होती. तेजसचं दुकान नामदेव बघत होता. तेजस घराबाहेर पडलाच नाही. गाल धरून सोफ्यावर पडून राहायचा आणि टीव्हीवर काहीतरी बघायचा. गोळ्या रंजिता स्वतः काढून द्यायची, त्याच्यासमोर पाण्याचा ग्लास घेऊन उभी राहायची.

"तोंड नुसतं पत्र्यासारखं झालंय," तो एकदा म्हणाला. "चहासुद्धा जाईना."

"दात किडलाय. असं होणारच," ती म्हणाली.

रविवारी सकाळी तो बाथरूममधून बाहेर आला तो वाकूनच. एक हात पोटावर, दुसरा भिंतीवर. चेहरा घामाने चमकत होता. रंजिताला ते दिसलं आणि ती हातातलं टाकून उठली. हेच, असंच, तिने आधी हॉस्पिटलात बघितलं होतं.

"परत?" सासूबाई, मालतीबाई, स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. "देवा, परत?"

गोटीराम उठले. रंजिताला वाटलं गाडीची चावी घ्यायला उठले. ते सरळ बाथरूममध्ये गेले आणि फ्लशच्या टाकीचं झाकण उचलून आत बघितलं. मग वॉशिंग मशीनच्या मागे हात घातला. मग माळ्यावर. तेजस जमिनीवर आडवा पडून गुडघे पोटाशी घेत होता आणि बापाकडे बघत होता.

"बाबा, गाडी काढा!" रंजिता ओरडली.

"बाटली मिलाली पायजे ना," गोटीराम म्हणाले.  "कुठंतरी ठेवलीच असंल."

काही मिळालं नाही.

हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत एक तरुण रेसिडेंट डॉक्टर होता. त्याने तेजसचं पोट दाबलं, तसा तेजस किंचाळला. रेसिडेंटने कॉम्प्युटरवर जुने पेपर काढले, वाचले, आणि मान वर न करता विचारलं, "शेवटची कधी घेतली?"

तेजस पोट धरून कण्हला.

"दारू. शेवटची कधी?"

तेजसने डोळे मिटले. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "लिहा," तो म्हणाला. "प्यायलो म्हणून लिहा. पण आधी हे दुखणं थांबवा."

"कधी?"

"काल. परवा. तुम्हाला पाहिजे ते लिहा."

मालतीबाईंनी पदर तोंडात धरला. गोटीराम भिंतीकडे वळले. रेसिडेंट लिहायला लागला.

रंजिताला ते वाक्य पटेना. गेल्या वेळी तो नाही म्हणत होता आणि ती त्याला खोटारडा समजत होती. आता तो हो म्हणत होता. आणि या दिवसांत तो तिच्या नजरेसमोरून एकदाही हलला नव्हता. ती त्याच्याशेजारी झोपली होती. त्याच्या तोंडाला पुवाचा, लवंगेच्या तेलाचा वास होता, दुसरा कसलाच नव्हता.

"डॉक्टर, तो खोटं बोलतोय," ती म्हणाली.

रेसिडेंटने वर बघितलं. "म्हणजे?"

"त्याने घेतलेली नाही. मी घरात होते, पूर्ण वेळ. ते खोडा."

"मॅडम, पेशंट स्वतः सांगतोय."

"दुखतंय म्हणून सांगतोय. गेल्या वेळी खरं सांगितलं तेव्हा कोणी ऐकलं का त्याचं?" बोलता बोलता तिचा आवाज फाटला. "मीपण नाही ऐकलं."

तेजसने डोळे उघडून तिच्याकडे बघितलं. पण तेवढ्यात नवी कळ आली आणि तो कुशीवर वळला. रेसिडेंटने खांदे उडवले. "बघू. आधी ट्रीटमेंट. सिस्टर, पेनकिलर द्या, सलाईन जोरात सोडा. ताप पण आहे, जबडाही सुजलाय. वर गेल्यावर मेट्रो चालू करा."

रंजिताने ते ऐकलं आणि सोडून दिलं. खारघरमध्ये मेट्रो म्हणजे पुलावरून जाणारी गाडी. असल्या नावाचं औषध असतं हे तिच्या डोक्यातही आलं नाही.

तपासणीत पॅन्क्रियाजची सूज गेल्या वेळेपेक्षा जास्त निघाली. त्याला वरच्या मजल्यावर हलवलं. पेनकिलरने जरा आराम पडल्यावर तो छताकडे बघत पडला. श्वास उथळ चालला होता. रंजिता कॉटला टेकून उभी होती. 

"पाणी," तो म्हणाला.

"पाणी बंद केलंय. ओठ ओले करू?"

तिने कापूस भिजवून फिरवला. त्याने तोंड वाकडं केलं. "ती चव जाईना. लोखंडाची. त्या वेळी पण अशीच होती."

"कुठल्या वेळी?"

"हळदीच्या. जुलाबाच्या गोळ्या चालू होत्या ना, तेव्हा. दिवसभर खिळा चघळल्यासारखं वाटायचं."

रंजिताने कापूस बाजूला ठेवला. तिने पर्स उघडली. गोळ्यांच्या दोन्ही स्ट्रिपा तिच्याकडेच होत्या; नाश्त्यानंतरची गोळी द्यायची राहिली म्हणून निघताना तिने त्या पर्समध्ये टाकल्या होत्या. तिने मागची बारीक अक्षरं वाचली. एकावर अमॉक्सिसिलिन. दुसऱ्यावर मेट्रोनिडाझोल. जुलाबाच्या गोळ्यांचं नाव तिला आठवत नव्हतं. तिने डॉक्टर कमळाकरांना फोन लावला. रविवार होता. रिंग वाजत राहिली आणि तुटली. तिने परत लावला.

"बोला," कमळाकर म्हणाले. मागे कुकरची शिट्टी वाजत होती.

"डॉक्टर, करंजाड्याची रंजिता घरत. तेजसला जुलाबावर काय दिलं होतं तुम्ही? लग्नसराईत?"

"आता एवढं आठवत नाही... पण मी बहुतेक मेट्रोनिडाझोलच देतो. दारू घेऊ नका म्हणालो असेन तर तेच. का, काय झालं?"

तिने फोन कानापासून दूर केला, कारण दारातून नर्स आत येत होती. शर्मिला सिस्टर, शांत, पन्नाशीकडे झुकलेली बाई. तिच्या हातात एक छोटी पारदर्शक बाटली होती. तिने ती स्टँडला उलटी अडकवली, नळी जोडली, तेजसच्या हातातल्या सुईकडे नेली. रंजिताने मान तिरकी करून बाटलीवरचं नाव वाचलं. मेट्रोनिडाझोल.

"सिस्टर, थांबा."

"अँटिबायोटिक आहे, ताई. इन्फेक्शनसाठी."

"हे नको. हेच औषध आहे. हे घेतल्यावरच त्याला होतंय."

"ऑर्डर आहे डॉक्टरांची." सिस्टरने नळीची चकती सैल केली. पहिला थेंब पडला.

रंजिताने हात पुढे करून नळी मुठीत आवळली. "मी नाही सोडू देणार."

"ताई, हात काढा. सुई निघेल."

"मोठ्या डॉक्टरांना बोलवा. मग काढते."

मालतीबाई घाबरून जवळ आल्या. "अगं, औषध दितान ते. कशाला आडवतेस?" रंजिताने मूठ सोडली नाही. सिस्टरने तिच्याकडे, मग तेजसकडे बघितलं, स्वतःच चकती घट्ट फिरवून नळी बंद केली आणि रेसिडेंटला बोलावलं.

तो तणतणत आला. "काय चाललंय? मोबाईलवर वाचून ट्रीटमेंट ठरवणार का आता?"

"मी काही वाचलेलं नाही," रंजिता म्हणाली. "दोन्ही वेळा हे औषध चालू होतं. दोन्ही वेळा तोंडाला तीच चव. दोन्ही वेळा हेच दुखणं. आणि दारू नव्हती. मला एवढंच माहीत आहे."

"हे औषध दिवसाला कितीतरी पेशंटना जातं. कोणाला पॅन्क्रियाटायटिस होत नाही."

"मग ह्याला का होतोय, ते सांगा."

"का ते ह्यांनी स्वतःच सांगितलंय."

"नाही प्यायलो मी," तेजस कॉटवरून म्हणाला. आवाज इतका बारीक होता की सिस्टर पुढे वाकली. "तेव्हापण नाही. आतापण नाही."

रेसिडेंटने पुन्हा केसपेपर बघितला. मग त्याने फोन काढला आणि बाहेर गेला. रंजिता स्टँडजवळून हलली नाही. बाटली तशीच लटकत होती. तेजसचा श्वास आता आणखी जोरात चालायला लागला होता, आणि तिला वाटून गेलं, की आपण चुकत असू तर? याला खरंच औषधाची गरज असेल आणि आपण नळी धरून बसलो असू तर? 

डॉक्टर गीतांजली सावे घरून आल्या. पोटाच्या विकारांच्या त्या मुख्य डॉक्टर. त्यांनी कुणाची बाजू घेतली नाही. खुर्ची ओढून तेजसच्या उशाशी बसल्या आणि पहिल्यापासून विचारत गेल्या. हळद, जुलाब, गोळी कधी सुरू केली, पोट कधी दुखलं, गोळी बंद झाल्यावर किती लवकर बरं वाटलं. रंजिताच्या हातातली स्ट्रिप घेऊन बघितली. कमळाकरांशी स्वतः बोलल्या. मग उठून बाटली स्टँडवरून काढली आणि सिस्टरच्या हातात दिली.

"हे आज नको. जबड्यासाठी दुसरं देऊ. आणि नुसती पॅन्क्रियाजला सूज आली म्हणून अँटिबायोटिक लागतंच असंही नाही."

"म्हणजे ह्याच गोळीने झालं?" गोटीरामांनी विचारलं.

"असू शकतं. काही अँटिबायोटिक क्वचित एखाद्याच्या पॅन्क्रियाजला त्रास देतात. हे त्यातलं एक. हजारो लोक घेतात, त्यांना काही होत नाही, म्हणून पहिल्या वेळी कोणाच्या मनात येत नाही. आधी खडे आणि दारू, हेच बघतात. तेच जास्त वेळा असतं." त्या रंजिताकडे वळल्या. "बाकीची कारणं मी अजून तपासणार आहे. रक्तातली चरबी, कॅल्शियम, नळ्यांचा एमआरआय. आणि सध्या यांची तब्येत नाजूक आहे. सूज वाढली तर आयसीयूत न्यावं लागेल. पुढचे दोन दिवस बघायचे."

न्यावं लागलंच. दुसऱ्या दिवशी तेजसचा ऑक्सिजन खाली आला आणि त्याला आयसीयूत हलवलं. काचेच्या दाराबाहेर रंजिता बसून राहिली. ईश्वरी शेजाऱ्यांकडे होती आणि फोनवर विचारत होती, पप्पा किल्ला करायला कधी येणार. गोटीराम खिडकीशी उभे राहायचे, परत बसायचे. एकदा ते तिच्याजवळ येऊन म्हणाले, "मी टाकीत बगत व्हतो. पोर खाली तडफडत व्हता नि मी टाकीत बगत व्हतो."

 तिने स्वतः महिनोन्‌महिने त्याचं तोंड हुंगलं होतं.

मग हळूहळू सूज उतरायला लागली. ताप गेला. बाकीच्या तपासण्या सगळ्या स्वच्छ आल्या. डॉक्टर गीतांजलींनी केसपेपरवरचा दारूचा शेरा खोडायला लावला आणि लाल शाईत लिहिलं, की मेट्रोनिडाझोल आणि त्या जातीची औषधं या पेशंटला देऊ नयेत. "शंभर टक्के सिद्ध करायचं तर परत देऊन बघावं लागेल," त्या म्हणाल्या, "ते मी करणार नाही. दोनदा झालं तेवढं मला पुरे आहे. पण बाकीच्या औषधांना घाबरू नका. आणि दारू सोडलीत ते फार चांगलं केलंत. ती परत नकोच."

तेजसला वॉर्डात आणल्यावर गोटीराम आत गेले. बराच वेळ कॉटचा दांडा धरून उभे राहिले. शेवटी म्हणाले, "पानी देऊ?"

"दिलंय सिस्टरने, बाबा."

"बरं." आणि ते बाहेर आले.

मग रंजिता बसली. तिने त्याचा हात हातात घेतला. सुयांनी तो काळानिळा झाला होता. "तेजस, मी..."

"आत्ता नको," तो म्हणाला. हात त्याने काढून घेतला नाही, पण मान वळवली. "तू नळी धरलीस, ते बघितलं मी. पण रोज दारात उभा राहून तोंड उघडणाराही मीच होतो. पोट दुखायचं थांबलं म्हणून राग थांबत नाही."

"मग काढ राग."

"ताकद नाही आता."

ती बसून राहिली. संध्याकाळी त्याला पातळ पेज आली. त्याने अर्धी वाटी घेतली आणि झोपला.

दिवाळी होऊन गेली. घरी आल्यावर तो कमी बोलायचा. दुकानात जायचा, यायचा. रंजिता दार उघडून लगेच आत वळायची, तिथे थांबायची नाही, पण तोही मान खाली घालूनच आत यायचा. दोघांना एकमेकांशी कसं वागावं ते कळत नव्हतं. कमळाकरांकडे दोघं जाऊन आले. ते बिचारे फार वाईट वाटून घेत होते. तेजसच त्यांना म्हणाला, की तुम्हाला तरी कसं कळणार होतं.

एक दिवस सकाळी स्वयंपाक चालू असताना गॅस संपला. दुसरं सिलिंडर रिकामंच होतं, रंजिता बुक करायला विसरली होती. तेजस डब्यासाठी खोळंबला होता.

"तुला चार वेळा सांगितलं होतं मी!" तो एकदम ओरडला. "चार वेळा! एक काम लक्षात राहत नाही का? मी करायचं का आता हेपण?"

रंजिता त्याच्याकडे बघत राहिली. मग तीही ओरडली, "मग करायचं होतंस! तुझ्या मोबाईलला काय झालं होतं?"

"माझ्या मोबाईलला? गॅसचा नंबर तुझ्या नावावर आहे!"

मालतीबाई देवपूजा अर्धी टाकून धावत आल्या. "काय झालं? काय झालं गं?"

"काही नाही, आई," रंजिता म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि आवाज अजून चढलेलाच होता. "भांडतोय माझ्याशी. तुम्ही जा."

"हो, भांडतोय," तेजस म्हणाला. "आणि डब्याचं काय ते सांग आधी."